मधली पट्टी

रुझार रेंदेर कामुर्लीहून येतो तो शुक्रवारीच.
म्हापशाच्या बाजारात चोरीसांच्या माळा लटकलेल्या,
आणि माझ्या टेबलावर तो
जुनं म्यान ठेवतो, पालथं,
नासका मासा परत करावा तसं.

कडा उसवलेल्या. लोखंडी रिव्हेट गंजून
चामड्यावर काळे डाग.
"कोणी केलं हे?"
"कोणें तरी दिल्लें."

क्रोमचं कातडं. दुकानात देखणं, हाताला मऊ,
जुलैत भिजल्या पापडासारखं लोंबतं.
शिवाय त्यातले क्षार पात्याला आतून खातात,
जसं काही आपल्या हवेत मीठ कमीच आहे.

मी म्हशीचं काढते, पाठीचं,
सालीच्या पाण्यात महिनोन्महिने मुरलेलं,
साडेचार मिलिमीटर. नखाने दाबते:
रेघ उमटते, हळूहळू मिटते.
मिटली नाही तर ते चपलांना.
पोटाकडचं घ्यायचं नाही. बाबा म्हणायचे,
पोटाचं चामडं म्हणजे निवडणुकीआधीचा पंच,
ओढाल तिकडे ताणतो.

रिव्हेट तांब्याचे. लिननचा दोरा
मेणातून दोनदा ओढलेला. दोन सुया
एकाच भोकातून समोरासमोर जातात,
म्हणजे एक टाका तुटला तरी
शेजारचा जागा सोडत नाही.

आणि मधली पट्टी.
पुढचं कातडं आणि मागचं, यांच्या मध्ये, कडेने,
बोटभर रुंद. बाहेरून पाहणाऱ्याला
ती आहे हेही कळत नाही.
काती दिवसातून तीनदा माडावर जाते,
पोय तासते, न बघता पाठीमागे सारली जाते,
आणि दर वेळी केसभर चुकते.
ती चूक पट्टी घेते.
जुन्या म्यानात पट्टी नव्हतीच.
रुझारच्या मांडीवर जो पांढरा वळ आहे
त्याबद्दल मी विचारलं नाही.

कडा सगळ्यात शेवटी.
कोपरे मारायचे, काचेच्या तुकड्याने तासायचं,
चिंचोक्याची खळ बोटाने लावायची
आणि रेड्याच्या शिंगाने घासायचं.
शिंग बाबांचं. त्यांच्या अंगठ्याची खाच पडलेली,
माझा अंगठा तिच्यात सैल बसतो.
तीन थर कुठे सांधलेत ते दिसेनासं होईपर्यंत,
कड चिंचोक्यासारखीच तुकतुकीत होईपर्यंत
घासायचं.
रंग मारला तर पाच मिनिटांचं काम.
सगळे रंगच मारतात. दुसऱ्या पावसात
त्याचे पापुद्रे घामेजल्या कमरेला चिकटतात.
वरून मधमाशांचं मेण. खोबरेल नाही,
खोबरेलाने चामडं आळसावतं, आणि उंदीर येतात.

"किती वर्षं जाईल?"
"पंचवीस," मी म्हटलं, जरा मिरवतच.
तो दातांच्या फटीतून हसला.
"म्हाका पांच पुरो, बाय.
उपरांत हांव चडचो ना."
पैसेही पाचांचेच घे, म्हणाला.
मुलगा स्विंडनला, गोदामात, खोकी कापतो.
त्याच्या कटरचं पातं आपोआप आत जातं,
हे सांगताना रुझारने हवेत बोटाने
ते करून दाखवलं. कौतुकाने.

पाच वर्षांचं म्यान कसं करतात?
मी त्या रात्री खरंच हिशेब केला.
एका सुईने शिवू? पट्टी गाळू?
कडेला रंग मारू, तपकिरी, छान?
डबा होता घरात, कुणीतरी नमुन्याला दिलेला.
उघडला. वास घेतला. झाकण लावलं.
तत्त्वबित्त्व काही नाही.
कमी करायचं कुठून, ते हातांना
कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी तो आला.
"पहिला महिना अडेल. हिसका देऊ नका,
सावकाश काढा, मग चामडं शिकेल."
पैसे मी पंचवीसांचे घेतले.
त्याने ओल्या, सुरेचा वास येणाऱ्या नोटा
दोनदा मोजून दिल्या,
मग म्यान कानाशी नेलं
आणि काती आत सारली, बाहेर काढली,
पुन्हा सारली,
डोळे मिटून, धार कुठे टेकते ते ऐकत.